खान्देशात बिऱ्हाड हलवताय? आधी पाण्याचा दिवस विचारा, मग घराचं भाडं

बदलीची ऑर्डर हातात आलीये, त्यावर जळगाव नाहीतर धुळे नाहीतर भुसावळ असं लिहिलंय, आणि घरात सगळे गप्प झालेत कारण तिकडं फार ऊन असतं याच्यापलीकडं कुणालाच काही माहीत नाही, अशा घरांसाठी हे लिहितेय. आम्ही सांगलीकडून आधी धुळ्याला आलो, तिथं तीन वर्षं काढली, मग जळगावला बदली झाली आणि जळगावातही एकदा घर बदललं, म्हणजे या भागात तीनदा ट्रकमधून सामान उतरवून झालंय. दर वेळी ट्रक, खोकी, भाडं याचीच चर्चा होते आणि ते सगळं कसंतरी निभतंच. त्रास होतो तो पाण्याचा, उन्हाचा आणि शेजाराचा, आणि या तिन्ही गोष्टी निघायच्या आधी विचारून घेता येतात.

आधी गाव समजून घ्या

खान्देश म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे (नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला), पण तिन्हीकडचं राहणं वेगवेगळं आहे. भुसावळ हे रेल्वेचं गाव, शेजारी दीपनगरचं वीज केंद्र आणि वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यामुळे तिथं निम्मं गाव बदलीवर आलेलं असतं, हिंदी सहज चालतं आणि नवीन माणसाला कुणी वळून बघत नाही. जळगाव व्यापाराचं, सोन्याच्या पेढ्यांचं, केळीचं आणि एमआयडीसीचं. नंदुरबारला गुजरात हाकेच्या अंतरावर, बाजारात गुजराती, अहिराणी, भिली सगळं कानावर पडतं आणि मिरचीच्या दिवसात गावाबाहेर लाल गालिचे पसरलेले दिसतात.

धुळ्याला येणार असाल तर पत्त्याची एक गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रज आले तेव्हा १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने जुनं धुळं सरळ रेषांत आखलं, म्हणून आजही तिथं पत्ता 'गल्ली नंबर अमुक' असाच सांगतात. पांझरा नदीच्या पलीकडं देवपूर, तो भाग नोकरदार कुटुंबांना सोयीचा पडतो. जळगावातल्या नव्या कॉलन्यांमध्ये मात्र पत्ता म्हणजे गट नंबर, प्लॉट नंबर आणि 'मंदिराच्या मागे', त्यामुळे ट्रकवाल्याला मोबाईलवर लोकेशनच पाठवा, तोंडी सांगून तो अर्धा तास फिरत राहतो.

एक जण आधी जाऊन या, आणि नळाच्या दिवशी जा

फोटो बघून ऑनलाइन घर पक्कं करू नका, हे मी हात जोडून सांगते. घरातल्या एकाने दोन दिवस काढून जावं, लॉजवर राहावं आणि घरं बघावीत. हॉल केवढा, किचनला ट्रॉल्या आहेत का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न पाण्याचा.

इथल्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. कुठं एक दिवसाआड, कुठं तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही लांबतं. आम्ही धुळ्यात पहिलं घर घेतलं तेव्हा मालकांना विचारलं 'पाणी आहे ना?' ते म्हणाले 'भरपूर आहे'. आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्याकडं मोठा हौद होता. आमच्या वरच्या मजल्यासाठी पाचशे लिटरची एकच प्लास्टिकची टाकी होती. चौथ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी चार बोटं पाणी, वॉशिंग मशीन साबणाच्या पाण्यात मध्येच थांबलेलं आणि मुलाची शाळा साडेसातची. शेजारच्या आक्कांनी न मागता दोन हंडे आणून दिले, त्या म्हणाल्या 'नळ उद्या येईन, आज इतलं पुरव'. तेव्हापासून मी घर बघायला गेले की आधी गच्चीवर जाते.

हे प्रश्न असेच्या असे विचारा: नळ किती दिवसाआड येतो, कोणत्या वेळी येतो, किती वेळ राहतो. हौद किती लिटरचा आणि तो किती बिऱ्हाडांत आहे. मोटर कुणाची, वीज कुणाच्या मीटरवर. बोअर आहे का, आणि एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी राहतं का. मालकांना विचाराच पण समोरच्या घरातल्या बाईंनाही विचारा, खरं उत्तर तिथं मिळतं.

आता हिशोब करा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर असं सरकारी प्रमाण धरतात, म्हणजे चार माणसांना रोज ५४० लिटर. एक दिवसाआड नळ असेल तर साधारण ११०० लिटर साठवण हवी, चार दिवसांनी असेल तर २१६० लिटर. तुम्ही काटकसरीने वापराल, कूलरमध्ये मात्र वेगळं पाणी जाईल, तर हाच आकडा धरून चाला. टाकी कमी असेल तर राहायला यायच्या आधीच मालकांशी बोलून दुसरी टाकी बसवून घ्या, खर्च अर्धा अर्धा असं ठरलं तरी चालेल, आणि ते करारात लिहा.

बोअरचं पाणी बऱ्याच भागात जड असतं. घर बघताना एक बाटली भरून न्या आणि लॉजवर साबण लावून हात धुवून बघा, फेस होत नसेल तर समजा की डाळ शिजायलाही वेळ लागणार आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसणार. प्यायला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायची सवय इथं सगळ्यांना आहे. नाहीतर वीस लिटरचा जार घरपोच देणारे गल्लीत फिरतातच.

ऊन लागणारी भिंत

मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढं जातो आणि हे काही एखाद्या वर्षाचं नाही, बहुतेक वर्षी असंच असतं. म्हणून घर दुपारी बघा. सकाळी नऊला सगळीच घरं छान वाटतात. तीन-चार वाजता जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा, तीच भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली राहणार आहे, आणि बेडरूम त्याच भिंतीला असेल तर लहान मुलं झोपत नाहीत. स्लॅबखालचा शेवटचा मजला शक्यतो टाळा. मधला मजला किंवा तळमजला घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. वरचाच मजला मिळत असेल तर गच्चीवर पांढरा थर मारून द्यायला सांगा, साधा चुना मारला तरी फरक कळतो.

कूलरसाठी खिडकी लागते, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत सोडतो, आणि ती हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी किंवा दार उघडं लागतं. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं बंद केलीत तर नुसता चिकट दमट होईल आणि तुम्ही म्हणाल कूलर खराब आहे. म्हणून समोरासमोर खिडक्या, ग्रिलला जागा, जवळ प्लग आणि अर्थिंग, एवढं तपासा. स्टँड आणि कूलर इकडंच घ्या, तिकडून आणू नका, इथं दुरुस्तीवाले गल्लोगल्ली आहेत आणि गवत दर वर्षी बदलून मिळतं. एसी असेल तर आणा, पण मेमध्ये लाईट गेली की एसी काय नि पंखा काय, सगळी गल्ली गच्चीवर येते. गच्ची म्हणजे धाबं, आणि धाब्यावर झोपायचं, गादी संध्याकाळी पसरून ठेवायची म्हणजे ती आधी गार होते. गच्चीची किल्ली भाडेकरूला मिळते का हेही विचारून घ्या, ही फालतू चौकशी वाटेल पण अजिबात नाही.

तारीख

सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. पण बदल्या होतात मे-जूनमध्ये आणि मुलांच्या शाळा जूनमध्ये, त्यामुळे बहुतेकांना हा चॉइस मिळत नाही. मग माझा सल्ला असा की मुलांची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच हलवा, मेचा दुसरा पंधरवडा सोडा, आणि पावसाच्या तोंडावर तर नकोच. इथली जमीन काळी, कपाशीची. नव्या प्लॉटच्या कॉलनीत रस्ता झालेला नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात ट्रकचं चाक असं रुतून बसतं की जेसीबी बोलवावा लागतो.

आखाजीच्या आगेमागे तारीख ठरवू नका. अक्षय्य तृतीयेला इकडं आखाजी म्हणतात आणि ती इथं दिवाळीच्या तोलाची आहे, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्षही आखाजीपासून आखाजीपर्यंत धरतात. त्या चार दिवसांत हमाल, रंगारी, इलेक्ट्रिशियन कुणी मिळत नाही आणि घरमालकांकडं स्वतःच्या लेकी-नातवंडं आलेली असतात, तुम्ही त्यांना 'बाथरूमचा नळ गळतोय' सांगायला जाणं बरं दिसत नाही.

सामान आणि ट्रक

वन बीएचकेचं सामान असेल तर जवळच्या अंतरासाठी पिकअप पुरते, नुसतं गावातल्या गावात असेल तर छोटा हत्ती दोन खेपांत उरकतो. टू बीएचके, लांबून, म्हणजे आयशर. भाडं ठरवताना चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: चढवणे-उतरवणे धरून आहे का, टोल कुणाचा, मजला चढवायचे पैसे वेगळे का, आणि गाडीत दुसऱ्याचं सामान भरणार का. आमच्या पहिल्या वेळी हे लेखी घेतलं नव्हतं, वाटेत गाडी बदलली गेली, सामान एक दिवस उशिरा आलं आणि त्या एका दिवसात आम्ही रिकाम्या घरात चटईवर होतो. तेव्हापासून मी व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवते आणि समोरून 'ओके' आल्याशिवाय ॲडव्हान्स देत नाही.

संभाजीनगरकडून येणार असाल तर रस्ता आधी विचारा, चाळीसगावच्या अलीकडचा कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, तिथं अवजड वाहनांना बंदी घातली गेलीये, लांबचा फेरा पडला तर भाडं बदलतं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण सामानाची यादी आणि बदलीच्या ऑर्डरची झेरॉक्स ड्रायव्हरकडं द्या, नाक्यावर वेळ वाचतो.

उन्हाळ्यात गाडी संध्याकाळी भरा आणि रात्रीच चालवायला लावा. बंद गाडीत दुपारी भट्टी होते. औषधं, इन्सुलिन, मेणबत्त्या, देवघरातलं तूप, मोबाईलच्या पॉवर बँक हे सगळं स्वतःबरोबर ठेवा. फ्रिज उभाच बांधायचा आणि उतरवल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग सुरू करायचा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर ड्रम लॉक करायचे बोल्ट आधी लावून घ्या. काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत गुंडाळा, गोधड्यांमध्ये दाबून बसवा, लोणच्याची बरणी मात्र गाडीत देऊ नका.

एक खोकं वेगळं करा, त्यावर मोठ्या अक्षरात 'आधी उघडा' लिहा. त्यात गॅस लायटर, कुकर, चहा-साखर, तांदूळ, डाळ, दोन ताटं, एक बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, स्क्रू ड्रायव्हर, झाडू, फडकी, आणि पाण्याचा वीस फुटी पाईप. पाईप कशाला ते पहिल्या नळाच्या दिवशी कळतं.

कागदपत्रं, पटापट

भाडेकरार रजिस्टर करा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोटरी चालते असं सगळीकडं सांगतात पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकांवर टाकलेली आहे. तो एक कागद असला की पत्त्याची बाकीची कामं सोपी होतात. पोलिसांकडं भाडेकरू म्हणून नोंदही करून घ्या.

गॅसचं आधीच्या गावात उरकून निघा, गाव बदलत असेल तर सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, ट्रान्सफरचा कागद आणि डिपॉझिट परत घ्यायचं आणि इथं त्याच कंपनीच्या एजन्सीत नव्याने डिपॉझिट भरून घ्यायचं. मधले दिवस निभवायला इंडक्शन शेगडी बरोबर असू द्या.

महावितरणचं बिल मागून घ्या, थकबाकी नाही ना बघा, आणि राहायला आलात त्या दिवशीच्या मीटर रीडिंगचा फोटो काढून मालकांना पाठवा. रेशन कार्ड बदलेपर्यंत अंगठा लावून इथल्या दुकानातही धान्य मिळू शकतं. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर बदलायची गरज नाही (इथं जळगावचा एमएच १९, धुळ्याचा १८, नंदुरबारचा ३९), आरसीवरचा पत्ता मात्र बदलायचा असतो.

मुलांच्या शाळेचं थोडं सविस्तर. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे, तेव्हा 'टीसी आणा मग बघू' असं कुणी म्हणालं तर शांतपणे एवढं सांगा आणि अर्ज देऊन पोच घ्या. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की वर्गात काही मुलं वेगळं बोलतील, ते चुकीचं मराठी नाही, ती त्यांची घरची भाषा आहे. आमच्या मुलाने पहिल्या आठवड्यात घरी येऊन एका मुलाच्या बोलण्याची नक्कल केली तेव्हा त्याच्या बाबांनी त्याला समोर बसवून समजावलं, आज तो स्वतः आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतो.

पहिला आठवडा गल्लीत

'कथा चालनात?' असं कुणी विचारलं तर घाबरू नका, कथा म्हणजे कुठे. 'जेवन व्हयनं का?' म्हणजे जेवण झालं का. 'शे' म्हणजे आहे. ही अहिराणी, आणि जळगावच्या पूर्वेला यावल-रावेरकडं लेवा समाजाची बोली अजून वेगळी. तुम्हाला बोलता आलं नाही तरी चालतं, समजून घेतलं तरी लोकांना बरं वाटतं. मोठ्या माणसांना नावाने हाक मारू नका, आबा, अप्पा, नाना, भाऊ असंच, आणि बायकांना आक्का, काकू, मावशी.

सामान उतरतंय तेव्हा समोरून चहा येतो. नको म्हणू नका. कप धुवून परत द्यायला जाल तेव्हा तिथंच सगळं कळतं, नळ सोडणारा माणूस कधी येतो, कोणता दूधवाला पाणी घालत नाही, आठवडी बाजार कोणत्या वारी, दळण कुठं चांगलं दळून मिळतं. गिरणीवर कळण्याचं पीठ म्हणजे ज्वारी-उडदाचं मागायला शिका, भाकरी नाही जमली तरी पुऱ्या जमतात.

गल्लीत कुणी गेलं असेल आणि तुम्हाला येऊन दोनच दिवस झाले असतील तरी दारावर जाऊन या. दारावर जाणं याला इथं फार किंमत आहे. काही बोलावं लागत नाही, पाच मिनिटं बसायचं आणि उठायचं. आम्ही गेलो होतो, ओळख नसताना, आणि त्या घरातल्या नानांनी पुढं आमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा तीन रात्री डबा पोचवला.

पहिलं वर्ष

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे इथली देवी, बसते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. तुम्हाला दर्शनाला बोलावतील, जाच. पण रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा, प्रसाद बऱ्याच घरांत फक्त भाऊबंदांपुरताच असतो, तो तुम्हाला दिला नाही तर मनाला लावून घेऊ नका, तो त्यांच्या कुळाचा नियम आहे. थंडीत भरीत पार्टीचं बोलावणं आलं की घरी जेवून जाऊ नका. वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात, हिरवी-पांढरी मोठी वांगी असतात ती, आणि इथल्या या भरताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे.

उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालायचा कार्यक्रम असतो. पहाटे पाचला सुरू, ऊन चढायच्या आत संपवायचं. तुम्हाला येत नसलं तरी जाऊन बसा, ओल्या फडक्यावर थापलेला बिबडा अलगद उलटा करून खाटेवर टाकायचा एवढं काम कुणालाही देतात. मला ते काम दुसऱ्या वर्षी मिळालं. पहिल्या वर्षी नुसते वाळलेले बिबडे डब्यात भरून मिळाले होते.

आणि गावाला जाताना नळाची आणि हौदाच्या झाकणाची किल्ली शेजारी ठेवून जा. तुम्ही नसताना नळ येतो, तो सोडून दिला तर परत आल्यावर दोन-तीन दिवस कोरडे जातात. आम्ही मागच्या दिवाळीत सांगलीहून रात्री दोनला परत आलो, हौद काठोकाठ भरलेला होता आणि झाकणावर वीट ठेवलेली.